खोगीर खिंडीतलं कफन

या, असे शेगडीजवळ सरका. दाराकडचा बाक सोडा, तिथे वारा लागतो, आणि आवाज चढवून बोलणं मला आता झेपत नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. उपदेश नाही, घाबरू नका. गाऊन केलेला उपदेश मला भाकरीइतका प्रिय आहे. आमच्या बंधुमंडळाच्या प्रार्थनाघरात चाळीस वर्षं मी पुढे उभा राहून गातो आहे, आणि गाताना रडलो नाही असा एकही उपासाचा शुक्रवार गेला नाही. पण ही गोष्ट गाता येत नाही. दोनदा करून पाहिलं. धृपदापाशी आलो की थांबावं लागतं. म्हणून नुसती सांगतो.

माझं पोटाचं काम बर्फ मोजण्याचं. ओहितोस गावाच्या वर, सांग्रे दे क्रिस्तो डोंगररांगेच्या उतारांवर, हिवाळ्यात दर महिन्याच्या एक तारखेला मी चढून जायचो. दातेरी तोंडाची एक पोकळ नळी असते. ती बर्फात तळापर्यंत खुपसायची, वर काढून वजन करायची. किती इंच बर्फ, त्यात पाणी किती, ते वहीत लिहायचं. खालच्या पाटांना मे महिन्यात पाणी किती येणार हे त्या वहीवरून ठरतं. एकतीस वर्षांत माझा अंदाज फार तर चार बोटं चुकला असेल. हे मिरवायला सांगत नाही. पुढे कळेल.

त्या वर्षी इस्टरआधीचा उपास चालू होता. कासिमीरो आर्चुलेता खोगीर खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात गेला होता. तिथली एक म्हातारी वारली होती, तिच्या अंत्ययात्रेत गाणारं तिकडे कुणी उरलं नव्हतं, आणि दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. मग चालत गेला. साठीचा गडी, मेंढरांमागे आयुष्य गेलेलं, ती वाट त्याच्या पायांना पाठ होती. रविवारी पोचला, गायला, मंगळवारी सकाळी परत निघाला. मंगळवारी दुपारी वादळ आलं. शेरीफची माणसं बुधवारी आणि गुरुवारी शोधून आली आणि तिसऱ्या दिवशी हात वर करून निघून गेली.

शुक्रवारी संध्याकाळी कासिमीरोची बायको देल्फिना माझ्याकडे आली. हातात निळ्या मक्याच्या पेजेचं भांडं. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाणं तिला जमलंच नसतं, त्या दिवशीसुद्धा.

"ओनोफ्रे, तुला बर्फ कळतं. खरं सांग."

"देव मोठा आहे, देल्फिना."

"ते मला पाद्रीबाबाही सांगतात. मी तुला बर्फाचं विचारतेय."

मी तिच्या हातातलं भांडं घेऊन शेगडीवर ठेवलं. हिशेब माझ्या डोक्यात गुरुवारीच झाला होता. तीन रात्री, आजची धरून चार. वर पारा शून्याच्या किती खाली, वारा कुठून, नवं बर्फ किती. अंगावर लोकरीचा एक कोट, सोबत दोन दिवसांचं खाणं. बेरीज करायला वही लागत नव्हती.

"उद्या जाऊन येतो," मी म्हणालो.

"घेऊन येतो म्हण."

मी तसं म्हणालो. म्हणताना मला वाटलं, एका बाईला तिच्या नवऱ्याचं प्रेत आणून देण्याचा शब्द आपण दिला.

माझ्याबरोबर मेलितोन निघाला. कासिमीरोचा धाकटा भाऊ. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, तेव्हापासून आम्ही एकमेकांना 'कोंपाद्रे'च म्हणायचो, नावाने हाक नाही. गावातला सगळ्यात वात्रट माणूस. प्रार्थनाघरात मागच्या रांगेत बसून कुणाच्या तरी बुटाची नाडी बाकाला बांधणारा. पण धृपद धरायला त्याच्यासारखा नाही. आवाज बारीक, टोकदार, सुईसारखा नेमका.

पहाटे पाचला तो माझ्या दारात आला तेव्हा खांद्यावर दोरांचं भेंडोळं, ताडपत्री, आणि दोन माणसांना तीन दिवस पुरेल इतकं खाणं.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"दादाला भूक लागली असेल."

मी पायात जाळीचे बर्फाचे जोडे चढवायला वाकलो. तो वरून म्हणाला, "कोंपाद्रे, एक सांगू? तुझ्या त्या नळीने माझ्या भावाला मोजू नकोस."

"मी काय बोललो?"

"बोलला नाहीस. तुझं तोंड महिन्याच्या एक तारखेसारखं झालंय."

नऊपर्यंत आभाळ बरं होतं. झाडांची हद्द संपली तिथे आम्ही थांबलो, थोडी कॉफी घेतली. मागे वळून पाहिलं तर गावातले धूर दिसत होते. पुढे पाहिलं तर डोंगर नव्हता. ढग उतारावर येऊन बसला होता, आणि खालचं बर्फ आणि वरचा ढग यांच्यात शिवण कुठे आहे ते कळत नव्हतं.

अशा वेळी आमच्याकडे चालायची एक रीत आहे. पुढच्याने कडवं गायचं, मागच्याने धृपद म्हणायचं. गाणं थांबलं म्हणजे माणूस हरवला. पुढच्याने मागे वळायचं नाही, कारण पांढऱ्यात एकदा मान वळवली की दिशा गेली. पाय आपोआप उताराकडे ओढतात. वळायचं नाही, फक्त ऐकायचं.

मी गात होतो, "काळोखात कळप कोण राखी?"

मागून मेलितोन, "मेंढपाळ जागा आहे, जागा आहे."

स्वतःचे जोडे दिसत नव्हते. पायाखाली वर आहे की खाली, ते पोटऱ्यांवरून ओळखायचं. दोनदा वाटलं पुढे कडा आहे. काठी पुढे करून चाचपलं तर सपाट बर्फ. एकदा सपाट वाटलं तिथे काठी कोपरापर्यंत गेली. मी बाजूने वळसा घेतला. मागचा आवाजही वळला.

अकराच्या सुमाराला काठी लाकडावर आपटली. तो खिंडीखालचा क्रूस. दीड पुरुष उंचीचा, पण फक्त आडवे दोन हात आणि वरचं टोक बर्फाबाहेर होतं. सवयीने मनात आकडा आला, चौऱ्याहत्तर इंच.

त्या क्रूसापाशी थांबल्याशिवाय आमच्यातलं कुणी पुढे जात नाही. टोपी काढायची, कडवं पुरं करायचं, आणि मग एका मेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी छोटी प्रार्थना म्हणायची. त्या प्रार्थनेला आमच्यात कफनच म्हणतात. पुढे गाणारा म्हणतो, 'देवाच्या नावाने एक कफन, अमक्यासाठी,' आणि बाकीचे ती पुरी करतात. ज्याला स्वतःचं माणूस उरलेलं नसतं त्यालाही अशा वेळी कुणीतरी कफन घालतं. हजारदा केलं असेल मी हे. माझ्या आईसाठी, गेलेल्या लेकरासाठी, ओळखही नसलेल्या मेंढक्यांसाठी.

मी टोपी काढली. कडवं संपवलं. आणि म्हणालो,

"देवाच्या नावाने एक कफन, कासिमीरोसाठी."

मागून प्रार्थना आली नाही.

मी वळलो. क्रूसापाशी वळलं तर चालतं. मेलितोन हाताच्या अंतरावर उभा होता. भुवयांवर बर्फ, मिशीवर बर्फ.

"काय म्हणालास?"

"कोंपाद्रे... सवयीने गेलं तोंडातून."

"सवयीने तू तुझ्या आईचं नाव घेतोस. दर वेळी. आज बरं दादाचं आलं."

हिशेब डोक्यात केला होता, तो जिभेवर उतरला. जिवंत माणसावर कफन घालू नये हे आमच्यात पाच वर्षांच्या पोरालाही कळतं.

"परत घे," तो म्हणाला.

"प्रार्थना परत कशी घेणार? देवाला कळतं रे, चूक झाली ते."

"देवाला कळतं. पण कफन शिवून झालं ना? आता ते कुणाच्या तरी अंगावर जाणार." त्याने क्रूसाच्या हातावरचं बर्फ हातमोज्याने झाडलं, हळूहळू, जणू तेच काम करायला आला होता. मग तोंडाचा एक कोपरा वर गेला. त्याचं नेहमीचं. "आमची आई दोघांचे सदरे एकाच कापडातून बेतायची. दादाचं माप मला अगदी बरोबर येतं."

"असलं बोलू नकोस."

"मग तू गा. घसा तरी गरम राहील."

त्याने डोकं झुकवलं आणि ती राहिलेली प्रार्थना पुरी केली. ओठ हलले, नाव ऐकू आलं नाही. कुणाच्या नावाने म्हणाला, मी विचारलं नाही.

मी टोपी घातली, वळलो, आणि चालू लागलो.

"काळोखात कळप कोण राखी?"

"मेंढपाळ जागा आहे, जागा आहे." मागून. बारीक, नेमकं. माझा जीव भांड्यात पडला.

दहा-बारा कडवी झाली असतील. ढग आणखी घट्ट झाला. मी धृपदाची वाट बघत होतो, ते आलं, आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा आलं. पुढून.

"...जागा आहेऽऽ."

मी थांबलो.

शेवटचं अक्षर असं ओढणारा आमच्या खोऱ्यात एकच माणूस. जाड, घोगरा आवाज, ओळीच्या टोकाला गुडघे टेकल्यासारखा. मी पंचवीस वर्षं त्याला टोकत आलो होतो: कासिमीरो, अरे लोकांना पुढचं कडवं म्हणू दे.

"ऐकलंस?" मी न वळता विचारलं.

"गा," मागून मेलितोन म्हणाला. "थांबू नकोस. गा."

मी गायलो. धृपद मागून आलं, मग पुढून. मी उजवीकडे सरकलो, पुढचा आवाज मंद झाला. डावीकडे सरकलो, मोठा झाला. असं चाचपत किती चाललो सांगता येणार नाही. घड्याळात पाहिलं तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती.

काठी पोकळीत गेली. मोठ्या खडकाच्या आडोशाला बर्फात एक घळ होती, माणूस बसेल एवढी. मी पोटावर झोपून आत हात घातला. हाताला लोकर लागली. लोकरीच्या आत ऊब होती.

कासिमीरो जिवंत होता.

डोळे उघडे होते. दाढीचा गोठून एकच तुकडा झालेला, ओठ चिकटलेले, मधे रक्ताची रेघ. मी त्याच्या तोंडाशी कान नेला. श्वासाची शिट्टी होती, बाकी काही नाही. त्या घशातून एक अक्षर निघालं नसतं. हे मला तेव्हाच दिसलं, आणि मी ते बाजूला ठेवलं. कामं खूप होती.

ताडपत्री अंथरली, तिच्यावर त्याला ओढला, दोराने आवळला. घसरगाडीसारखं केलं. पुढचा दोर माझ्या छातीला, मागचा मेलितोनला. उतारावर मागे रोखणारा नसला तर गाडी पुढच्याच्या टाचा मोडते. गाठी मारताना मला त्याचे हातमोजे दिसत होते. मी दोराचं टोक मागे केलं की ते घेतलं जायचं. मी म्हणालो, "मागून धर, घट्ट." तो म्हणाला, "धरलंय." नंतर कित्येक वर्षं मी आठवून पाहिलं, त्या घळीपाशी मी त्याचा चेहरा पाहिला का. हातमोजे आठवतात. चेहरा क्रूसापाशीच आठवतो.

उतरलो.

मी गात होतो. मागून धृपद येत होतं. दोन आवाजांत.

बारीक आवाज, आणि त्याच्या खाली तो ओढलेला.

मला वाटलं कासिमीरोला कंठ फुटला. मी देवाचे आभार मानले, चालता चालता, मोठ्याने.

उतार वाढत गेला. तिथे मी उन्हाळ्यातही बसून उतरतो. ताडपत्री एकदाही माझ्या टाचांना लागली नाही.

मग दोन आवाजांचा एक झाला. कोणता राहिला, माझ्या लक्षात आलं नाही.

मग पहिलं झाड दिसलं.

तिथे वळायला हरकत नसते. मी वळलो.

ताडपत्रीवर कासिमीरो होता. ओठ तसेच चिकटलेले. त्याच्या मागे दोर बर्फावर सरळ रेषेत पडला होता, शेवटी गाठीचं कडं. कडं रिकामं होतं. त्या दोराच्या दोन्ही बाजूंना बर्फ कोरं होतं.

मी हाका मारल्या. ढगातून काही आलं नाही. वर जावं तर हा मरतो, खाली जावं तर तो. मी गुडघ्यावर बसलो आणि असं काही मागितलं की ते तुम्हाला सांगणार नाही. मग दोर छातीला लावला आणि खाली निघालो. झाडांत उतार मंदावला. तिथून गावापर्यंत ताडपत्री माझ्या टाचांवर आपटत राहिली.

रविवारी आभाळ निळं, स्वच्छ. रात्रभर ना वारा, ना नवं बर्फ. आम्ही अकरा माणसं वर गेलो. पाऊलखुणा काचेवर असाव्यात तशा होत्या. गावापासून क्रूसापर्यंत वर जाणाऱ्या जाळीच्या जोड्यांच्या दोन रांगा, एकामागे एक. क्रूसाच्या पुढे वर जाणारी एकच रांग. माझी.

क्रूसाच्या एका हातावरचं बर्फ झाडलेलं होतं. त्याच्या खाली मेलितोनचे जोडे बर्फात शेजारी शेजारी उभे रोवलेले होते, वाद्या नीट सोडून, घरी दारात ठेवतात तसे. तिथून कुठेच खूण जात नव्हती. आम्ही काठ्या खुपसल्या, खणलं. मी माझी नळी खुपसली, सगळीकडे तळापर्यंत. जून महिन्यात बर्फ गेलं तेव्हा सगळी खिंड हाताने विंचरली. काही नाही.

कासिमीरोचे दोन्ही पाय घोट्यापासून गेले. जीव राहिला. तीन आठवडे त्याला बोलता आलं नाही, नंतरही आवाज असा फाटका. देल्फिना त्याला चमच्याने पेज भरवत होती, मी खाटेजवळ बसलो होतो. मला त्याच्या पायांकडे बघवत नव्हतं. मला क्षमा मागायची होती. नाव मी घेतलं होतं, आणि मेलितोन गेला होता.

"तू गायलास म्हणून सापडलास," मी म्हणालो.

त्याने चमचा हाताने बाजूला केला.

"मी कुठे गायलो? बुधवारपासून घसा बंद होता माझा."

"मग कोण? तुझाच आवाज. शेवट ओढलेला."

"मेलितोन." तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच काहीतरी विसरलो होतो. "माझ्या शेजारी बसला होता ना. खाली तू गात होतास, मला ऐकू येत होतं. मग तू थांबलास. तेव्हा तो आत आला, माझ्या अंगाला अंग लावून बसला. ऊब होती रे त्याला. म्हणाला, दादा, ओनोफ्रेला माझा आवाज पाठीमागून ऐकायची सवय, त्या आवाजाने इकडे वळायचा नाही, तुझ्या आवाजाने वळेल. आणि माझी नक्कल करून गायला लागला. लहानपणी आईला हसवायला करायचा तशी. हसून माझे ओठ फुटले."

देल्फिनाने भांडं खाली ठेवलं.

"आणि मी आलो तेव्हा?" मी विचारलं.

"तू हात आत घातलास तेव्हा तो जरा सरकला. म्हणाला, तू जा. मी डोळ्यांनी विचारलं, तू? तर म्हणाला, नाव घेऊन झालंय दादा, जागा रिकामी ठेवता येत नाही." कासिमीरोने खाटेवर हात टेकून जागा दाखवली. "आणि मग माझ्या जागेवर बसला. पाय पोटाशी घेऊन. मी बसलो होतो तसाच."

मंडळी, गोष्ट एवढीच. मी तिचा अर्थ लावत नाही. ते माझं काम नाही, मी बर्फ मोजणारा. देल्फिनाने मला कधी बोल लावला नाही, कासिमीरोनेही नाही. पुढे तो अकरा वर्षं जगला, खुर्चीत बसून गायला, आणि मेला तेव्हा त्याचं कफन मीच म्हटलं. त्या वेळी चूक नव्हती.

एक मागणं आहे. तुम्ही आपापल्या घरी जाल, आपल्या देवापुढे बसाल, तेव्हा आमच्या मेलितोनची आठवण काढा. त्याला मेलेल्यांत धरू नका. ती चूक मी एकदा केली आहे. जिवंतांतही धरा असं म्हणायचा मला अधिकार नाही. नुसतं नाव घ्या, मेलितोन आर्चुलेता, आणि घेतल्यावर क्षणभर गप्प राहा. आम्ही इथे तसंच करतो. बहुतेक वेळा कुणी उत्तर देत नाही.